मासळीच्या पेट्यांतला पालक

१९ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी सांदवाडीत मिरच्या तोडायला गेले आणि आईने अर्ध्यातून बाहेर काढले. घरामागच्या भाजीच्या वाडीला आमच्याकडे सांदवाडी म्हणतात, आणि ती आईची आहे. कारण नेहमीचे. मला पाळी आली आहे. तिने आवाज चढवला नाही. वांग्यांकडे पाहत म्हणाली, "चार दिवस थांब ना बाई. मिरच्या कुठी पळून नाही चालल्या."

तोडलेल्या मिरच्या कुंपणाच्या दगडावर ठेवून निघाले. आता मागच्या खोलीत बसून लिहिते आहे. भिंतीपलीकडे गोठा, अलीकडे तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, ढीग, मध्ये एक खाट. नागपूरला डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाचा कोर्स, करत असताना याच दिवसांत उभी राहून प्रात्यक्षिके दिली. आता कोहमाऱ्याच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी आहे. या दिवसांतही जाते, लोकांचे रक्त काढते, त्याला कोणाची हरकत नसते. घरी आले की ही खोली. योगराजदादाचे लग्न झाल्यापासून लोमेश्वरी वहिनीसाठीही हीच.

या नियमावर मी घरात कधी वाद घातला नाही. वाद घातला की दोन बाजू होतात, आणि याला दुसरी बाजू आहे हेच मला मान्य नाही. पण सांदवाडी आईची असेल तर मला माझी वेगळी जमीन हवी. घरावरचा स्लॅब रिकामा आहे.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

नवेगाव बांधच्या चुन्नीलालकडून थर्माकोलच्या पेट्या आणल्या. मासळी बर्फात घालून पाठवतात, त्या. कडा फुटल्या की तो फेकून देतो. "का बाई, सुई सोडून मच्छीचा धंदा करून राहिली का?" म्हणाला. पालक लावायचा आहे असे सांगितल्यावर त्याला ते धंद्यापेक्षाही विचित्र वाटले.

पेट्या सोड्याने धुतल्या, उन्हात ठेवल्या. तळाला तापल्या खिळ्याने भोके पाडली. तलावाची गाळमाती, जुने शेणखत आणि राइस मिलमधले तूस मिसळले. नुसती गाळमाती पेटीत विटेसारखी बसते; तुसाने ती मोकळी राहते. योगराजदादा शिडीवरून डोकावून म्हणाला, पालकाला मासळीचा वास आला तर भाजी करू नकोस, सरळ रस्सा कर.

बी भिजत घातले आहे.

५ नोव्हेंबर, मंगळवार

उगवण चांगली. पालकाच्या एका बीत दोन-तीन कोंब असतात, त्यामुळे विरळणी करावी लागते. वहिनी मदतीला आली. तिला चांगली रोपे उपटायचा जीव होत नव्हता. मी म्हटले, दाट ठेवली तर कोणीच वाढणार नाही. ती म्हणाली, "माझ्या सासरासारखंच आहे मंग." आणि स्वतःच इकडेतिकडे पाहून घेतले.

भाऊबीजेला शामकला आत्याबाई आली आहे. गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, पाहून जाईन म्हणते. म्हणजे बराच मुक्काम.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

रोपे गेली. सगळी नाही, पण निम्म्याहून जास्त पेट्यांत देठ जमिनीलगत पाण्यासारखे होऊन आडवे पडले आहेत. ही रोपकूज आहे. बुरशी. कारणही सापडले: भोके लहान होती, तुसाने बुजली, पाणी तळाला साचले. चूक माझी आणि पूर्णपणे समजण्यासारखी.

पण मागच्या आठवड्यात माझे दिवस होते आणि मी स्लॅबवर पाणी घालत होते, हे आत्याबाईने पाहिले होते. संध्याकाळी ओसरीवर सगळ्यांसमोर म्हणाली, "अडचणीत असून हिरव्यात हात घालून राहिली होती ना तू. मंग मरन नाही त का होईल?"

मी भोकांबद्दल सांगितले. आत्याबाई म्हणाली, भोके तर वहिनीच्या माहेरच्या मडक्यांनाही नसतात, तिथे कोथिंबीर येते.

मग बाबा बोलले. बाबांना गावात मान आहे. आमच्या पूर्वजांनी गावचा तलाव बांधला, आणि आजही तुडुमावरून, म्हणजे तलावाच्या पाणी सोडायच्या तोंडावरून, भांडण झाले की लोक खेमराजभाऊंना बोलावतात. ते कोणाची बाजू घेत नाहीत. पाण्यात काठी रोवतात आणि मोजतात.

"तुडुमावर मी कोनाचं ऐकत नाही, मोजतो," ते म्हणाले. "हे बी मोजू."

त्यांची अट अशी. पेट्या पुन्हा पेरायच्या. अर्ध्या माझ्या आणि वहिनीच्या. त्या आम्ही आमच्या दिवसांतही हाताळायच्या. अर्ध्या आईच्या, तिची पाळी केव्हाच गेली आहे, त्यांना दुसऱ्या कोणी शिवायचे नाही. संक्रांतीपर्यंत पाहायचे. आमच्या पेट्या जगल्या तर मागच्या खोलीचा नियम या घरातून जाईल, माझ्यासाठी आणि वहिनीसाठीही. मेल्या तर दोघींनी तो पुढे मुकाट्याने पाळायचा. तोपर्यंत आहे तसे चालू.

मी लगेच हो म्हटले. बाबांनी नकळत एक नीट रचलेला प्रयोग मांडला आहे. एक गट हाताळलेला, एक न हाताळलेला, माती एक, ऊन एक. निकाल काय लागणार हे मला माहीत आहे: दोन्हीकडे सारखा पालक येईल. आई गावातली सर्वांत चांगली भाजी पिकवते, तिच्याही येईल, माझ्याही येईल. तेवढे पुरे आहे.

२३ नोव्हेंबर, शनिवार

पेरले. भोके मोठी केली, तळाला खापऱ्या घातल्या. आईच्या पेट्यांना लाल दोरी बांधली. आत्याबाई मंडई झाल्यावरही थांबली आहे. निकाल पाहून जाणार.

१ डिसेंबर, रविवार

कालपासून वहिनी मागच्या खोलीत आहे. आज पहाटे तिच्या ओरडण्याने घर जागे झाले. तणसात साप होता. दादाने काठीने बाहेर काढला, मण्यार निघाला. खाटेपासून हातभर अंतरावर होता.

वहिनी अंगणात उभी होती. आत मात्र आली नाही, कोणी ये म्हटले नाही. मी म्हटले. तिने बाबांकडे पाहिले. बाबा म्हणाले तणस दुसरीकडे हलवा, आणि खोलीत दिवा जास्त उजेडाचा लावा. दोन्ही सूचना योग्य आहेत. अपुऱ्या आहेत.

आईने वहिनीला चहा दिला. कप जमिनीवर ठेवून मागे सरायची रीत आहे. आज ती ते विसरली आणि कप तिच्या हातात दिला. आत्याबाईने खाकरल्यावर आई आंघोळीला गेली.

३ डिसेंबर, मंगळवार

आई आज पहिल्यांदा आपण होऊन स्लॅबवर आली. तिच्या पेट्यांसमोर बसून विचारले, "या डब्यातल्या रोपाले का सोसत नाही, ते सांग मले. चुकून बी टाकू नाही म्हनून."

मला वाटले नव्हते ती एवढा रस घेईल. सविस्तर सांगितले. जमिनीत जास्तीचे काही पडले तर ते खाली झिरपून जाते, पेटीत जागच्या जागी राहते. म्हणून पाणी साचू द्यायचे नाही. खारट काही नको. गरम तर अजिबात नको, मुळे पृष्ठभागाजवळ असतात. तिने नीट ऐकून घेतले. खारटाबद्दल दोनदा विचारले.

शिकण्याला वय नसते हे खरे आहे.

१३ डिसेंबर, शुक्रवार

माझे दिवस. ठरल्याप्रमाणे पेट्यांना पाणी दिले, खुरपले, पाने हाताळली. आत्याबाई शिडीखाली खुर्ची टाकून बसली होती. मी प्रत्येक पानाला बोट लावले. आवश्यक नव्हते.

रोपे चार पानांवर आहेत. थंडी पालकाला मानवते आहे. मागच्या खोलीत मला मानवत नाही, पण ते या नोंदीत येत नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार

आईच्या पेट्यांत पानांच्या कडा तपकिरी झाल्या आहेत. बुरशी नाही, देठ घट्ट आहेत. मावा नाही. आमच्या पेट्या हिरव्यागार. कारण कळत नाही. पेट्या शेजारी शेजारी आहेत.

आत्याबाईचा संशय आला होता, पण तिच्याने शिडी चढवत नाही. आणि तिने मारायच्या तर माझ्या मारल्या असत्या.

बाबा आज गोठ्यात कुरकुरत होते. गाईच्या कुंडीत पेज येत नाही म्हणे बऱ्याच दिवसांपासून. आमच्याकडे भात शिजला की पेज काढतात आणि गाईला देतात, यात कधी खंड पडला नव्हता. आई म्हणाली, नवीन तांदळाला पेजच सुटत नाही. नव्या तांदळाला उलट जास्त सुटते, असे मला वाटते. स्वयंपाक हा माझा विषय नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार

आईच्या सगळ्या पेट्या मेल्या. पाने कागदासारखी झाली आहेत.

मातीवर पांढरट थर होता, आंबूस वासाचा. लॅबमधून आयोडीन आणले. थेंब टाकला तशी माती निळी-काळी झाली. स्टार्च. थराचा कण जिभेवर ठेवून पाहिला; प्रयोगशाळेत हे कोणी करू नये. खारट. आमच्या पेट्यांत आयोडीन पिवळेच राहिले.

म्हणजे पेज. मीठ घातलेली, आणि बहुधा गरम. रोज.

आईने रोपांना बळ यावे म्हणून घातली असणार. सांदवाडीत तिने कधी पेज ओतल्याचे मला आठवत नाही, पण पेट्या तिला नव्या आहेत. मी तिला खारट नको म्हणून सांगितले होते. ते तिला नीट समजले नाही. माझे सांगणे तांत्रिक झाले असावे.

संध्याकाळी वहिनीला हे सांगितले. ती माझ्याकडे पाहत राहिली. "सोनूबाई, तुमाले खरंच वाटते का, आईले पेज कुठी ओताची समजत नाही?"

मी निचऱ्याचा मुद्दा पुन्हा समजावला. ती मान हलवून निघून गेली.

२९ डिसेंबर, रविवार

आज निकाल लागला, आणि मी तो घेतला नाही.

दुपारी, संक्रांतीची वाट न पाहता, बाबा स्वतः शिडी चढून वर आले. मागून दादा. आई शिडीच्या तोंडाशी उभी. आत्याबाई खाली खुर्चीत, पण तिचे लक्ष वर. वहिनी कालपासून मागच्या खोलीत होती. दार उघडे होते. बाबांनी दोन्ही बाजू पाहिल्या. लाल दोरीच्या पेट्यांत वाळलेला कचरा, बाकीच्यांत वीतभर पालक. मग म्हणाले, "झालं त मंग. मोजलं आपन." खाली आत्याबाईला सांगायला ते वळले होते.

मी गप्प राहिले असते तर वहिनी त्याच मिनिटाला घरात आली असती. हे मला कळत होते. पण ज्या नमुन्यात भेसळ आहे हे माहीत आहे त्याचा रिपोर्ट मी आजवर दिलेला नाही. आणि दुसरे असे की आईच्या पेट्या मेल्या म्हणून आम्ही शुद्ध ठरणार असू, तर उद्या आमच्या मेल्या की पुन्हा अशुद्ध ठरू. बुरशी कोणालाही येते.

मी सांगितले की तुलना बाद आहे. आईच्या पेट्यांत पेज पडली आहे, चुकून. त्या त्यामुळे मेल्या.

बाबांनी आईकडे पाहिले. आईने माझ्याकडे. इतक्या रागाने तिने माझ्याकडे कधी पाहिले नव्हते. "जितली होतीस ना तू?" ती म्हणाली. "मंग तोंड कायले उघडलंस?"

तिची चूक सर्वांसमोर काढली याचा तिला राग आला. ते मला एकांतात सांगता आले असते.

आत्याबाईने खालून सुचवले की मग पुन्हा पेरा. बाबांनाही ते पटले. होळीपर्यंत पाहू म्हणाले.

मी म्हटले, "नाही पेरत बाबा. पालक मेला असता तरी मी हेच म्हटलं असतं. वहिनी आत झोपन. मी बी."

"मंग पैज कायले लावलीस?"

"चुकलं माझं. मानसाची जागा भाजीवर ठरवाची नसते. तुमी मोजा म्हटलं आनि मी मोजाले बसली."

बाबा खाली उतरले. तुडुमावर कोणी काठी उपटून फेकली तर ते जसे उतरतील तसे.

मी मागच्या खोलीतून वहिनीची गोधडी उचलून तिच्या खोलीत नेऊन ठेवली. तासाभराने दादाने ती परत नेली. म्हणाला, बाबांचा पारा उतरू दे, मग पाहू. वहिनीही त्याच्या मागे गेली. कोणी ओढून नेली नाही, स्वतःच्या पायांनी गेली. याचाच मला जास्त राग आला, आणि तो तिच्यावर नव्हता.

म्हणजे आजचा हिशेब असा: हातात आलेले मी सोडले आणि बदल्यात काही मिळाले नाही. तरी पुन्हा तेच करीन.

४ जानेवारी, शनिवार

आई माझ्याशी बोलत नाही. सांदवाडीतून मला मिरच्या आणून देते, बोलत नाही. तिने लाल दोरीच्या पेट्या रिकाम्या करून घासून ठेवल्या आहेत.

मी निचऱ्याचे चित्र काढून तिला दाखवणार होते. वहिनी म्हणाली, नका दाखवू.

१० जानेवारी, शुक्रवार

सकाळी पाळी आली. लॅबमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. दिवसभर ठरवत नव्हते. सकाळीच ठरले होते.

चार वाजता स्लॅबवर जाऊन पालक कापला. मुळासकट नाही, वरून, पुन्हा फुटतो. विहिरीवर धुतला आणि स्वयंपाकघरात गेले. आई चुलीपाशी तांदूळ निवडत होती. तिला माहीत होते. तिला नेहमीच माहीत असते. सूप माझ्याकडे सरकवून ती उठली आणि हात धुवायला गेली. परत आली ती दारात बसली, आत्याबाईच्या वाटेत. आत्याबाईला पाणी हवे होते. आईने तिथूनच तांब्या दिला आणि हलली नाही.

मी भात केला, वरण केले, लसूण आणि वाळल्या मिरचीची फोडणी देऊन पालक केला. मला स्वयंपाक फारसा येत नाही. कृती पाळली की जमतो.

आमच्याकडे आधी पुरुष बसतात. बाबा आणि दादा बसले. वाढण्याआधी मी सांगितले, कारण न सांगता खाऊ घालणे म्हणजे फसवणूक झाली असती. "बाबा, आज माझे दिवस आहेत. सयपाक मी केला, सगळा. आनि आज मी माझ्या खोलीत झोपनार."

मग ताटे वाढली. आत्याबाई म्हणाली तिला भूक नाही आणि ओसरीवर जाऊन बसली. दादा ताटाकडे पाहत होता. बाबांचे हात मांडीवर होते.

आईने स्वतःसाठी एक ताट घेतले. भात, वरण, पालक वाढून घेतले, आणि बाबांच्या समोर मांडी घालून बसली. बाबांच्या आधी जेवताना मी तिला जन्मात पाहिलेले नाही. तिने पालकाचा घास घेतला. चावला. दुसरा घेतला. धानाच्या चुरण्यांचे, म्हणजे मळणीचे, दिवस आहेत, दुपारपर्यंत खळ्यावर होती. भूक लागली असेल असे मला आधी वाटले. पण भुकेने माणूस इतके सावकाश जेवत नाही. पेज, मीठ, लाल दोरी हे सगळे मी पुन्हा एकदा ओळीने आठवले आणि मध्येच थांबले. ते नंतर पाहीन.

बाबा बसूनच होते. आई मान वर न करता म्हणाली, "जेवत असान त जेवा, नाही त उठा. ताट झाकून ठेवाले मी बसली नाही."

वहिनी दारातून हे ऐकत होती. ती आत आली आणि आईशेजारी ताट घेऊन बसली. मग दादाने भात कालवला.

बाबांनी पालक ताटाच्या कडेला सारला. बोटांनी, सगळा, एक पानही राहणार नाही असा. मग वरण-भात खाल्ला. वरण आणि भात त्याच हातांनी शिजवले होते आणि ते मी त्यांना सांगितले होते, पण ही विसंगती मी त्यांच्या लक्षात आणून दिली नाही. आई जेवत होती.

भात संपला. बाबा थोडा वेळ रिकाम्या ताटाकडे पाहत राहिले. मी भाताचे पातेले घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले, वाढू का असे विचारले नाही. त्यांनी ताट पुढे केले.